मायच्या अंगावरचा माझा हात

नमस्कार.

या ग्रुपवर मी दोन वर्षांपासून नुसती वाचतेय. लिहायची हिंमत होत नव्हती. शाळा आठवीतच सुटली, त्यामुळे चुका असतील... आणि एका हाताने टाईप करतेय, तेही समजून घ्या. ॲडमिन ताईंनी आधी सगळं वाचून "टाका तुम्ही, घाबरू नका" असं कळवलं, त्यांचे खूप आभार.

अंगात येणं, चमत्कार असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता. सगळेच असं लिहितात, मला माहीत आहे. पण माझा खरंच नव्हता, आणि त्याचं कारण माझी माय. माय बांगड्या भरते. बडनेऱ्याला जुन्या वस्तीत आमचं घर. डोक्यावर टोपली घेऊन ती चाळीस वर्षं दारोदार फिरली, आणि शाळा सुटल्यावर सहा-सात वर्षं मीही तिच्या मागे फिरले. एकदा एका घरी बाईच्या अंगात आलं होतं. केस सोडून घुमत होती, घरचे सगळे हात जोडून उभे. मायनं तिचा हात धरला, अंगठ्याखाली दाबून पाहिला आणि म्हणाली, "अंगात कोणी का येईना, माप दोन-सहाच आहे." अशा बाईच्या हाताखाली मी वाढले.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते — बांगडीची मापं दोन-चार, दोन-सहा, दोन-आठ अशी असतात. दोन-चार लहान, दोन-आठ मोठं. मायनं मापाची कडी कधी वापरली नाही. बाईचा हात हातात घ्यायची, डोळे मिटायची, अंगठ्याच्या बुडाशी दाबायची, मग चार बोटांची मुळं एकत्र मिटवायची आणि माप सांगायची. कधी चुकली नाही. हात सुजलेला लागला तर "तुमाले दिवस गेले का वो?" असंही विचारून टाकायची, नव्या सुना लाजून आत पळायच्या. तिचा स्वतःचा हात जाड, दोन-आठचा. माझा दोन-चार. "लेकराचाच हात राह्यला वो तुहा," म्हणायची.

लग्न झालं आणि मी इकडे चाकणला आले. मिस्टर कंपनीच्या गाडीवर ड्रायव्हर, मी एका लहान कारखान्यात, पत्रे दाबणाऱ्या प्रेसवर. त्या प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच मशीन खाली येतं, म्हणजे हात आत राहायला नको. पण त्यात वेळ जातो. म्हणून आम्ही बाया एका बटणाच्या फटीत आईस्क्रीमची लाकडी काडी खोचून ठेवायचो. बटण दबलेलं राहतं, एक हात मोकळा होतो. सगळ्याच करायच्या. त्या दिवशीची काडी माझ्या मशीनला मीच खोचली होती.

डावा हात मनगटाच्या वर चार बोटं गेला. श्रावण होता.

आमच्या सुपरवायझर काळे मॅडम दवाखान्यात दोन दिवस माझ्या उशाशी बसून होत्या. ती काडी त्यांनी पाहिली होती, पण कुणाला बोलल्या नाहीत, आणि नंतर मला बसून करायचं तपासणीचं काम मिळवून दिलं. आठवी शिकलेल्या, एका हाताच्या बाईला कोण ठेवतं? त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

मायला मात्र सांगितलं नाही. तिला बीपी होतं, हे एक कारण. दुसरं कारण ती काडी. आणि तिसरं... ज्या हाताला ती रोज हात लावायची तो मी असा घालवून बसले, हे तिला कोणत्या तोंडाने सांगू? मिस्टर म्हणायचे, सांगून टाक. मी त्यांना पोरांची शपथ घातली. व्हिडिओ कॉलवर मोबाईल उजव्या हातात धरायचा, डावी बाजू फ्रेमच्या बाहेर. दिवाळीला गेले नाही, संक्रांतीला गेले नाही. रजा मिळत नाही, असं मी सांगायचे. "ये एकदा, हात भरून देतो तुहे," ती दर फोनला म्हणायची, आणि मी हो म्हणायचे.

आता मुद्द्याचं. हात गेला होता पण मला तो होता. मूठ घट्ट मिटलेली, नखं तळव्यात रुतलेली — नसलेली नखं, नसलेल्या तळव्यात. तोंड धुताना डाव्या गालावरून पाणी ओघळलं की नसलेल्या बोटांवरून ओघळल्यासारखं वाटायचं. मला वाटलं डोकं फिरलं. दवाखान्यातल्या एका तरुण डॉक्टर मॅडमनी फार शांतपणे समजावलं. मेंदूमध्ये म्हणे सगळ्या अंगाचा नकाशा असतो, आणि त्यात हाताच्या शेजारी चेहऱ्याची जागा असते. हाताकडून निरोप यायचे बंद झाले, की शेजारचा हळूहळू त्या रिकाम्या प्लॉटवर कपडे वाळत घालायला लागतो. आपला हात आपला आहे हे मेंदूला कातडीने जन्मभर सांगत राहावं लागतं, म्हणाल्या. मला ते पटलं. दुखायचं थांबलं नाही, पण भीती गेली.

अकरा महिने ती मूठ अशीच होती.

एक दिवस दुपारी मी टेबलावर माल तपासत होते. प्रत्येक लॉटच्या चिठ्ठीवर मला वेळ लिहावी लागते, म्हणून वेळ नक्की माहीत आहे — तीन चाळीस. कुणीतरी माझा डावा हात धरला. अंगठ्याच्या बुडाशी दाबलं. मग चार बोटांची मुळं एकत्र मिटवली... आणि त्यासाठी मूठ उघडली. अकरा महिन्यांनी. मग काहीतरी थंड, गोल, सांध्यांवर अडकलं, जरा फिरलं, आणि सरकन आत गेलं. मग दुसरं. मग तिसरं. सात मोजले मी. बाजूची मुलगी म्हणाली, ताई रडताय का? मी म्हटलं डोळ्यात कचरा गेला. पेन घसरून चिठ्ठीवर रेघ उमटली होती, ती चिठ्ठी मी अजून ठेवली आहे.

पाच वाजता शीलावयनीचा फोन आला. शीला म्हणजे माझ्या मोठ्या भावाची बायको. मोजकं बोलते आणि सरळ बोलते. "मायले लकवा मारला. काल झालं. श्रावणाचा माल आणाले अकोल्याले गेलती, तिथंच बाजारात पडली. अकोल्याच्याच दवाखान्यात आहे. निंघ तू."

दुसऱ्या दिवशी सकाळी अकोल्याला उतरले. रस्ताभर एकच विचार — लकवा मारलेली बाई, बीपी आधीच चढलेलं, आणि आता हिने माझा हात पाहिला तर तिथेच जाईल. चादर अंगभर गुंडाळून वॉर्डात शिरले. उन्हाळ्यासारखं उकडत होतं, लोक बघत होते.

मायचं तोंड उजवीकडे होतं. डाव्या बाजूला जग आहे हेच तिला कळत नव्हतं. मी उजवीकडून गेले. तिने मला ओळखलं. आणि जे म्हणाली ते जसंच्या तसं लिहिते.

"आली का वंदना? हात घेऊन जाय तुहा. इथंच राह्यला तो. लय जड आहे वो, मायाच्यानं उचलल्या जात नाई."

आणि उजव्या हाताने तिने चादरीखालून स्वतःचा डावा हात मनगटाला धरून ओढला, परक्या वस्तूसारखा, आणि माझ्यापुढे केला. त्यात हिरव्या बांगड्या होत्या. सात.

मी वयनीकडे पाहिलं. ती म्हणाली, काल दुपारपासून हेच चाललंय, हा माझा हात नाही, हा वंदनाचा आहे. मालाचं बोचकं मागून घेतलं, त्यातली दोन-चारची पुडी काढली, आणि पलंगाच्या लोखंडी दांडीला बांगडी टेकवून एका हाताने भरत बसली. वयनीने गंमत म्हणून भावाला पाठवायला फोटो काढला होता. मी मोबाईल मागून वेळ पाहिली. तीन एक्केचाळीस.

दोन-आठच्या हातात दोन-चारची बांगडी... नर्स म्हणाली, लकव्याने हात लुळा पडला म्हणून गेली असेल. असेल. पण त्या काढता काही येईनात. हात सुजेल म्हणून शेवटी कापड गुंडाळून एकेक वाढवली. नर्सने मायच्या मनगटाला कापड आवळलं तेव्हा मी दाराशी उभी होते, आणि मला कळलं की आवळलंय.

मग मी चादर काढली. लपवायचं काय उरलं होतं? मायनं हाताचा थोटका भाग पाहिला, मान हलवली, जणू तिला हिशोब जुळलेला दिसला, आणि डोळे मिटून झोपली. वयनीने मात्र कधी झालं म्हणून विचारलं, मी सांगितलं. तिला काहीच माहीत नव्हतं. "अकरा महिने? अन् आमी काय मेलो होतो का वो?" म्हणाली.

अकोल्याच्या डॉक्टर साहेबांनी सांगितलं, यात नवल नाही. मेंदूच्या उजव्या भागाला मार बसला, हाताची जाणीव गेली, की पेशंटला स्वतःचा हात परका वाटतो. कुणी म्हणतं नवऱ्याचा आहे, कुणी म्हणतं लेकाचा. मी विचारलं, साहेब, पण तिला माझं माहीत नव्हतं. ते म्हणाले, कुणीतरी बोललं असेल. मी मिस्टरांना फोन केला. ते पोरांची शपथ घेऊन नाही म्हणाले.

मला जे जाणवत होतं ते फक्त वयनीला सांगितलं. तिने माझ्याकडे असं पाहिलं, की आता हिला पण इथेच भरती करावं लागणार. मग म्हणाली, "तिकडं तोंड कर. भिताडाकडं."

मी केलं. ती मायच्या डाव्या हाताशी बसली.

"सांग आता."

मधलं बोट, मी म्हटलं.

"आता?"

करंगळी. नख दाबलं.

"आता?"

मी थांबले. काहीच जाणवलं नाही, तसं सांगितलं. मागे वळले तर वयनीने हात पाठीमागे घेतलेले, आणि तोंड पांढरं पडलेलं. तिसऱ्या वेळी तिने हात लावलाच नव्हता, मला फसवायला. "म्या नाई करत आता हे," म्हणाली. "तू बी कोणाले सांगू नको. दोघींले नेतीन."

नऊ दिवसांनी मायला बडनेऱ्याला घरी आणलं. एक दिवसाआड अमरावतीला, राजकमल चौकाच्या पुढे एका फिजिओथेरपीवाल्या सरांकडे न्यायचं. काळे मॅडमनी फोनवरच सांगितलं, महिनाभर येऊ नका, मी बघते. त्या नसत्या तर पुढचं काही घडलंच नसतं.

सरांनी एक गोष्ट बजावली. हिला हा हात आपला वाटला पाहिजे. परका वाटतोय तोवर मेंदू त्याला हलवणार नाही, आणि हात वाळून जाईल. रोज खरखरीत टॉवेलने घासा, गरम पाणी, थंड पाणी, तिला बघायला लावा, आणि दर वेळी म्हणा — हा तुझा हात आहे. काळजी घ्या, तिला या हाताला लागलेलं कळणार नाही.

तिला कळत नव्हतंच. एकदा बडनेऱ्याहून ऑटोने जाताना माय डाव्या कडेला, मी तिच्या उजवीकडे, वयनी समोर ड्रायव्हरशेजारी. मी बाहेर बघत होते. एकदम माझ्या डाव्या हाताच्या सांध्यांवर आग झाली, खडबडीत भिंतीवर घासल्यासारखी. मी ओरडले, वाकून पाहिलं, तर मायचा डावा हात ऑटोच्या बाहेर लोंबत होता आणि बाजूच्या ट्रॉलीच्या फळीला घासत होता. आत ओढला. सालपटं निघाली होती. माय शांत. "सांभाळून ठेव वो, तुहाच आहे," म्हणाली मला.

आता जे लिहिते त्याची मला लाज वाटते, पण इथे तुम्ही मला ओळखत नाही म्हणून लिहिते.

मला तो हात हवा होता. अकरा महिने नखं रुतलेली मूठ घेऊन जगले मी, आणि आता ती उघडी होती. वयनी कोमट तेल लावायची मायच्या तळव्याला, आणि मी पलीकडच्या खाटेवर डोळे मिटून पडायचे. बोटं वेगळी वेगळी, ऊन लागलेली, सैल. टॉवेल घासायचं काम माझ्याकडे होतं — मी उजव्या हाताने मायचा डावा हात घासायचे आणि माझा मला लागायचा. पण म्हणायचं होतं ते वाक्य मी पहिले चार दिवस म्हटलं नाही. वयनीला वाटायचं मी म्हणते. मी नुसते ओठ हलवायचे.

पाचव्या दिवशी माय एकटी उठायला गेली. शेजारची एक बाई दारातून सहज म्हणाली होती की श्रावण आला, बांगड्या कधी भरता. ही टोपलीकडे निघाली. अर्धं अंग उठलं, अर्धं खाटेवरच राहिलं. तोंडावर आपटली. ओठ फुटला. टोपली समोर, आणि उजवा हात तिच्याकडे लांबवलेला. चाळीस वर्षं दोन हातांनी काम केलेली बाई. उचलताना ती मला म्हणाली, "हे जड घेऊन जाय ना वो तू. मले काम करू दे."

त्या दिवसापासून मी म्हणायला लागले. सकाळ-संध्याकाळ. माय, पाह्य इकडे. हा तुहा हात आहे. मापानं पाह्य, दोन-आठ आहे. माया, म्हणजे माझा, दोन-चार होता, तो कंपनीत गेला. हा तुहा आहे. ती वैतागायची, तोंड फिरवायची, एकदा थुंकली. मी म्हणत राहिले. रोज माझ्या बोटांतली जाणीव पातळ होत गेली, लांबच्या रेडिओसारखी. आधी करंगळी गेली.

असे अठरा दिवस.

मग एके सकाळी, आठच्या सुमाराला, मी टॉवेल घासत असताना तिने मान डावीकडे वळवली. आपणहून. हाताकडे बघत राहिली, मग जरा चिडून म्हणाली, "मायाच तं आहे. कायले रोज सांगून राहिली?" आणि तर्जनी हलली. मी पाहिलं, वयनीनं पाहिलं.

त्याच क्षणी माझी मूठ मिटली. नखं आत गेली, आधीसारखीच. मायचा हात माझ्या हातात होता आणि तो आता फक्त माझ्या उजव्या हाताला लागत होता.

आम्ही दोघी हसत होतो, रडत होतो. आणि माय डावीकडे बघत होती, महिन्याभरात पहिल्यांदा. मी बसले होते तिकडे. तिची नजर माझ्या बाहीवर आली.

"वंदना... तुहा हात कुठं आहे?"

तिला काही आठवत नव्हतं. अकोला नाही, बांगड्या नाहीत, माझा हात परत देत होती ते नाही, ऑटो नाही. तिच्यासाठी मी आत्ता आले होते, आणि माझा हात आत्ता गेला होता. वर्षभर जी घडी मी टाळत आले ती समोर उभी राहिली, आणि ती मीच ओढून आणली होती.

तिने उजव्या हाताने माझा थोटका भाग धरला. डोळे मिटले. टोकाशी दाबून पाहिलं, मग वर, मग परत टोकाशी. बराच वेळ. तिचे ओठ हलत होते, पण माप काही निघालं नाही. मग ती रडली. माझा बाप गेला तेव्हाही मी तिला असं रडताना पाहिलं नव्हतं.

मी सगळं सांगितलं. प्रेस, दोन बटणं, आणि काडीसुद्धा — मीच खोचली होती हे. सांगायला दुपार झाली. 

त्याला आता सव्वा वर्ष झालं. मी परत कामावर आहे. माय बसून बांगड्या भरते, डाव्या हाताने नुसता बाईचा हात धरून ठेवते, पण धरते. वयनीने मध्ये एकदा फोनवर, मायला न सांगता, तिची बोटं दाबून मला विचारून पाहिलं. मला काही कळलं नाही. दोन डॉक्टरांनी दोन गोष्टी समजावल्या, दोन्ही मला पटतात. एक तिच्या मेंदूची, एक माझ्या मेंदूची. मधलं जे आहे, अकोल्यापासून चाकणपर्यंतचं, ते कुणी समजावत नाही. तुमच्यापैकी कुणाला ठाऊक असेल तर साध्या भाषेत लिहा. मला आजही कळलेलं नाही.

त्या दिवशी सगळं सांगून झाल्यावर मायनं एकच विचारलं होतं. "आता दुखते का वो?"

मूठ मिटून चार तास झाले होते, नखं हाडापर्यंत गेल्यासारखी वाटत होती.

नाही माय, मी म्हटलं. काहीच नाही तिथे, दुखेल काय?